अमेरिकेत पदवीसाठी अर्ज: नोव्हेंबरात ‘अर्ली’ भरायचा की जानेवारीपर्यंत थांबायचं?

घरात बारावीचं मूल आहे आणि पदवीसाठी अमेरिकेत जायचं जवळपास ठरलंय, अशा घरांसाठी हे लिहितेय. माझी मुलगी पुण्यातल्या ज्युनिअर कॉलेजमधून या सगळ्यातून गेली. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच घरी अर्जांच्या दिवसांत मी जाऊन बसलेय. सप्टेंबर लागला की सगळीकडे एकच वाद सुरू होतो: ‘अर्ली’, म्हणजे नोव्हेंबरातल्या लवकरच्या मुदतीत, भरायचं का? मुलांच्या ग्रुपवर कुणीतरी सांगितलेलं असतं की अर्लीत चान्स दुप्पट-तिप्पट असतो. कन्सल्टंटही तेच म्हणतो. आणि आपण नेमकी कशावर सही करतोय हे आईबाबांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. अर्लीचा निर्णय पहिल्यांदा पैशाचा आहे, मग तयारीचा, आणि चान्सचा सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बहुतेक घरांत हा क्रम उलटा लागतो. पुढच्या पायऱ्या मी मुद्दाम याच क्रमाने मांडल्यात.

१. आधी प्रकार नीट समजून घ्या

रेग्युलर डिसिजन ही नेहमीची वाट. अर्ज १ ते ५ जानेवारीच्या आसपास, निकाल मार्चअखेर, आणि कुठे जाणार ते १ मेपर्यंत कळवायचं. हातात जेवढे प्रवेश आणि जेवढ्या आर्थिक मदतीच्या ऑफर असतील, त्या समोर ठेवून निवड करता येते.

अर्ली डिसिजन, म्हणजे बोलताना ईडी. अर्ज बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरला, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हा बांधून घेणारा अर्ज आहे. प्रवेश मिळाला की तिथेच जायचं आणि बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, म्हणून ईडी एकाच कॉलेजला करता येते. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ आणि पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) ही आयव्ही लीग या आठ जुन्या, नामांकित खासगी विद्यापीठांच्या गटातली पाच विद्यापीठं, शिवाय ड्यूक, नॉर्थवेस्टर्न, जॉन्स हॉपकिन्स, राइस, व्हँडरबिल्ट इथे ही पद्धत आहे. करारावर तीन सह्या लागतात: मुलाची, पालकांपैकी एकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची, म्हणजे शाळेतर्फे अर्जाचे कागद पाठवणाऱ्याची. यासाठी कुणी कोर्टात खेचत नाही, पण शब्द मोडला तर त्या ज्युनिअर कॉलेजच्या पुढच्या मुलांच्या अर्जांवर त्याची सावली पडते. त्यामुळे ‘बघू नंतर’ म्हणून ही सही करू नका.

ईडीचीच दुसरी फेरी काही ठिकाणी जानेवारीच्या सुरुवातीला असते. तिला ईडी टू म्हणतात आणि निकाल फेब्रुवारीच्या मध्यावर लागतो. व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो, टफ्ट्स, एमरी, एनवाययू (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी) इथे ती आहे. बंधन तेवढंच कडक.

अर्ली अ‍ॅक्शन, म्हणजे ईए, यात अर्ज लवकर जातो आणि निकालही लवकर लागतो, पण बांधिलकी काही नाही. उत्तर १ मेपर्यंत द्यायचं. एमआयटीत हे आहे. इलिनॉय अर्बाना-शँपेन, पर्ड्यू, विस्कॉन्सिन-मॅडिसन अशा मोठ्या सरकारी विद्यापीठांतही आहे. आपली बरीच मुलं इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी जिथे जातात, ती यातलीच.

चौथा प्रकार गोंधळाचा आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्ड यांच्या अर्लीत बांधिलकी नसते, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठात ईडी किंवा ईए भरायची नाही अशी अट असते. सरकारी विद्यापीठांना आणि अमेरिकेबाहेरच्या विद्यापीठांना अर्ज चालतो. म्हणजे येलला अर्ली आणि सोबत पर्ड्यूला ईए, हे चालतं. येलला अर्ली आणि एमआयटीला ईए चालत नाही, कारण एमआयटी खासगी आहे. चौघांच्या अटींत बारीक फरक आहेत, ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः वाचा. ग्रुपवर विचारू नका.

कॅलिफोर्निया विद्यापीठात, म्हणजे बर्कली, यूसीएलए वगैरे, अर्ली-बिर्ली काही नाही. नोव्हेंबरअखेरची एकच मुदत. आणि ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजही डोक्यात असेल तर त्यांची मुदत १५ ऑक्टोबर, सगळ्यांच्या आधी.

२. पैशाची बैठक सप्टेंबर संपायच्या आत घ्या

ही बैठक आईबाबा आणि मूल अशी तिघांची हवी. मुलाला बाहेर पाठवून ‘आमचं आम्ही बघतो’ असं करू नका. सही त्यालाही करायची आहे.

निवडक खासगी विद्यापीठांत फी, राहणं, जेवण, विमा धरून वर्षाचा खर्च आज ९० हजार डॉलरच्या आसपास जातो. म्हणजे वर्षाला पाऊण कोटी रुपयांच्या पुढे, आणि चार वर्षांचे तीन कोटींच्या वर. फी दरवर्षी थोडी वाढते आणि रुपया काही वर चढत नाही. ‘तिथे पार्टटाइम काम करून भागवेल’ हे गणित पदवीच्या मुलांना लागू होत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच, तेही कॅम्पसवरच काम करता येतं. त्यातून खिशाचा खर्च निघतो, फी निघत नाही.

आता स्वतःला विचारा: हे पैसे आपण पूर्ण भरू शकतो का? यात तीन प्रकारची घरं असतात.

पूर्ण भरू शकत असाल, खरोखर, कर्ज न काढता किंवा बँकेचं मंजुरीपत्र हातात असताना, तर पैशाच्या बाजूने ईडीला अडचण नाही. पायरी ३ वर जा.

अजिबात भरू शकत नसाल आणि बरीचशी मदत लागणार असेल, तर कॉलेज परदेशी विद्यार्थ्यांकडे कसं बघतं हा कळीचा प्रश्न आहे. काही विद्यापीठं प्रवेश देताना परदेशी मुलाची ऐपत बघतच नाहीत, आणि निवड झाली की लागेल तेवढी मदत देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन ही त्यातली, आणि ब्राउनही अलीकडे त्यात आलं आहे. बाकी बहुतेक ठिकाणी, पेन, कोलंबिया, कॉर्नेल, ड्यूक, स्टॅनफर्ड धरून, तुम्ही मदत मागितलीत ही गोष्ट निवडीच्या वेळी विचारात घेतली जाते. तिथे मदत मागणाऱ्या परदेशी मुलांसाठी ठरावीकच पैसे असतात आणि चुरस फार मोठी असते. पण निवड झाली तर नावं घेतलेली ही पाच विद्यापीठंही गरजेइतकी मदत देतात. म्हणून मदत लागणाऱ्या मुलाने ईडी करूच नये असं मी म्हणणार नाही. डार्टमथ किंवा ब्राउनला मनापासून जायचं असेल तर जरूर करावी.

तिसरं घर मधलं, आणि मला सगळ्यात जास्त काळजी याच घरांची वाटते. दोघंही नोकरीला, एक फ्लॅट, थोडं एफडीत, गावाकडे जमीन. वर्षाला वीस-तीस लाख देऊ शकतील, ऐंशी नाही. ‘गरज’ किती हे कॉलेज स्वतःच्या सूत्राने ठरवतं, तुम्हाला किती झेपतं यावर नाही. तुम्हाला वाटलं पंचवीस लाख आणि त्यांच्या हिशोबाने निघाले चाळीस, तर डिसेंबरात तुमच्या हातात एक ऑफर असते आणि तुलनेला दुसरी काहीच नसते. मदत पुरेशी नसेल तर ईडीतून बाहेर पडता येतं, हा एकमेव सर्वमान्य अपवाद आहे. पण त्यासाठी त्यांच्या एड ऑफिसशी, म्हणजे आर्थिक मदतीच्या कार्यालयाशी, लिहिणं-बोलणं करावं लागतं, आणि तोवर मुलाचं मन त्या कॉलेजात जाऊन बसलेलं असतं.

अशा घरांनी ऑक्टोबरआधी दोन गोष्टी कराव्यात. कॉलेजच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर चालवून बघा. ते मुख्यतः अमेरिकन घरांसाठी बनवलेलं असतं, तरी मदत वजा जाता किती भरावं लागेल याचा ढोबळ अंदाज मिळतो. आणि एड ऑफिसला सरळ ईमेल करा: परदेशी विद्यार्थी आहोत, ईडीचा विचार आहे, आमचं उत्पन्न आणि मालमत्ता अशी आहे, साधारण किती भरावं लागेल? काही छोटी कॉलेजं अशा ईमेलला नीट उत्तर देतात. उत्तर आलंच नाही किंवा गुळमुळीत आलं, तर त्या कॉलेजला ईडी करू नका. रेग्युलरमध्ये भरा.

मदतीचा अर्ज बहुतेक खासगी ठिकाणी सीएसएस प्रोफाइल या फॉर्मवर होतो, आणि तो १ ऑक्टोबरला उघडतो. आकडे रुपयांत भरायचे. जवळ ठेवा: दोघांचे आयटी रिटर्न, फॉर्म १६, बँकेचे उतारे, एफडी, पीएफ आणि म्युच्युअल फंडांची शिल्लक, घराची अंदाजे किंमत आणि राहिलेलं कर्ज. आपल्याकडे सगळे जिथे अडतात ती गोष्ट म्हणजे वडिलोपार्जित जमीन. सातबाऱ्यावर आजोबांच्या पश्चात पाच-सहा जणांची नावं लागलेली, वाटण्या झालेल्या नाहीत, उत्पन्न चुलत्यांकडे. फॉर्म मात्र एक किंमत मागतो. पूर्ण शेताची किंमत टाकलीत तर कागदावर तुम्ही जमीनदार होता. आपल्या हिश्शाची वाजवी किंमत टाका, आणि विशेष परिस्थिती सांगायला शेवटी जी मोकळी जागा असते तिथे साध्या भाषेत लिहा: जमीन सामायिक आहे, वाटणी झालेली नाही, त्यातून आम्हाला वर्षाला एवढंच उत्पन्न मिळतं, ती एकट्याने विकता येत नाही. लपवू नका, फक्त समजावून सांगा. सातबाऱ्यातले मुख्य मुद्दे इंग्रजीत करून ठेवलेले असले की पुढे कागद मागितले तर धावपळ होत नाही.

आणखी एक. ‘आत्ता मदत मागायला नको, चान्स कमी होतो. एकदा आत गेलं की पुढच्या वर्षी मागू.’ हे मी कितीतरी जणांकडून ऐकलंय. बऱ्याच विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर चारही वर्षं मागता येत नाही. हा नियम एड पानावर लिहिलेला असतो. तो वाचल्याशिवाय ‘मदत नको’ वर टिक करू नका.

गुणांवर स्कॉलरशिपची आशा असेल, तर आयव्ही लीगमध्ये ती मिळत नाही. तिथे मदत फक्त गरजेवर मिळते. बोर्डात ९८ टक्के असोत की ऑलिंपियाडचं मेडल असो, फी कमी होत नाही. गुणांवर पैसे देणारी विद्यापीठं वेगळी आहेत, आणि त्यातल्या काहींत स्कॉलरशिपसाठी विचार व्हायचा असेल तर नोव्हेंबरच्या मुदतीतच अर्ज लागतो. ते तपासा. अशा ठिकाणी ईए करण्यात फायदाच आहे.

३. चान्सचे आकडे कसे वाचायचे

आता मुलांचा आवडता विषय. ब्राउनने डिसेंबर २०२४ मध्ये ईडीच्या साधारण ५,००० अर्जांतून ९०० च्या आसपास मुलं घेतली. म्हणजे १८ टक्के. त्या वर्षीचे सगळे मिळून अर्ज साधारण ४२,७००, प्रवेश २,४००. ईडीचे वजा केले तर उरलेल्या ३७,७०० मधून १,५००, म्हणजे जेमतेम ४ टक्के. अठरा आणि चार हे आकडे शेजारी बघून कुणाचेही डोळे विस्फारतील.

पण त्या ९०० मध्ये कोण असतं ते बघा. प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू अर्लीतूनच येतात. माजी विद्यार्थ्यांची मुलं अर्लीत जास्त भरतात. आणि अमेरिकेतल्या चांगल्या शाळांतली, अनुभवी काउन्सेलर असलेली मुलं सप्टेंबरातच तयार असतात, तीही याच फेरीत. सातारा किंवा ठाण्याच्या ज्युनिअर कॉलेजातला मुलगा यातल्या कुठल्याच गटात नसतो. ईडीचा थोडा फायदा त्यालाही मिळतो, कारण बांधून घेतलेला विद्यार्थी नक्की येणार हे कॉलेजला माहीत असतं. पण तो फायदा चौपट नक्कीच नाही. हार्वर्ड-येल-स्टॅनफर्डसारख्या न बांधणाऱ्या अर्लीत तर तो आणखी कमी धरा.

ज्या कॉलेजचा विचार आहे त्याचा कॉमन डेटा सेट, म्हणजे प्रवेश आणि मदतीच्या आकड्यांचा ठरावीक नमुन्यातला तक्ता, शोधा. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी तो स्वतःच्या साइटवर टाकतात. त्यात तीन जागा बघा. सी २१ मध्ये ईडीचे अर्ज आणि प्रवेश असतात. सी ७ मध्ये निवडीत कशाला किती महत्त्व आहे त्याचा तक्ता असतो, आणि कॉलेजबद्दल तुम्ही दाखवलेली उत्सुकता मोजतात की नाही हेही तिथेच कळतं. एच ६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मदतीची माहिती असते: किती जणांना दिली, सरासरी किती. एच ६ मध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं दिसली, तर सी २१ कितीही गोड असलं तरी मदत लागणाऱ्या घराने तिथे ईडी करण्यात अर्थ नाही. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते मुलानेच करावं.

४. अर्ज १५ ऑक्टोबरला तयार असेल का?

१ नोव्हेंबर नाही, १५ ऑक्टोबर म्हणतेय. शेवटचे दोन आठवडे इतरांकडून यायच्या कागदांत जातात.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट, १ ऑगस्टला उघडतं. त्यात ६५० शब्दांचा मुख्य निबंध असतो आणि दहा उपक्रमांची यादी, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. वर प्रत्येक कॉलेजचे स्वतःचे प्रश्न. ‘आमच्याकडेच का’ हा प्रश्न ईडीत सगळ्यात जास्त वाचला जातो. उत्तरात कॉलेजचं नाव बदलून दुसरं टाकलं तरी चालत असेल, तर ते उत्तर पाठवायच्या लायकीचं झालेलं नाही. आणि मुलाला ते प्रामाणिकपणे लिहिताच येत नसेल, तर ते ईडीचं कॉलेज नव्हेच.

मार्कांचं एक खास आपल्याकडचं दुखणं आहे. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष अशी आपली समजूत, कारण इथल्या प्रवेशांना अकरावी कुणी विचारत नाही. अमेरिकेत नववी ते बारावी चारही वर्षं बघतात, आणि अकरावी बारकाईने. दहावीला ९५ आणि अकरावीला ७१ अशी घसरण असेल, तर नोव्हेंबरात त्यांच्यासमोर फक्त ती घसरण जाते. बारावीच्या पहिल्या सत्रात मुलाने सावरलं असेल तर ते गुण जानेवारीच्या अर्जात दाखवता येतात. अशा मुलाने थांबावं, याबद्दल मला अजिबात शंका नाही.

एसएटी या प्रवेश चाचणीचंही तसंच. ऑगस्टची परीक्षा आणि हाताशी ऑक्टोबरची, असं नियोजन असलं तर नोव्हेंबर गाठता येतो. हार्वर्ड, एमआयटी, ब्राउन, डार्टमथ, कॅलटेक यांनी चाचणी गुण पुन्हा सक्तीचे केले आहेत, आणि यादी वाढते आहे. डिसेंबरच्या एसएटीत गुण नक्की वाढतील असा अंदाज असेल, तर तेही रेग्युलरच्या बाजूचं कारण धरा.

जेईई करणाऱ्या मुलांच्या घरी जानेवारीची पहिली फेरी, प्रिलिम आणि रेग्युलरचे निबंध एकाच महिन्यात कोसळतात. त्यांना नोव्हेंबरात काही ईए अर्ज संपवून टाकणं खरंच सोपं पडतं. बांधिलकी नसल्याने यात गमावण्यासारखं काही नाही.

५. शाळा आणि ज्युनिअर कॉलेजचे कागद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो, आणि कन्सल्टंट याबद्दल सगळ्यात कमी बोलतात. अमेरिकन पद्धतीत नववी ते बारावी एकच शाळा असते. आपल्याकडे दहावीनंतर शाळा सुटते, त्यामुळे कागद दोन ठिकाणांहून गोळा करायचे.

लागणारे कागद:
- नववीची गुणपत्रिका, शाळेच्या सहीशिक्क्यासह
- दहावीची बोर्डाची गुणपत्रिका
- अकरावीचे गुण आणि बारावीचे आजवरच्या परीक्षांचे गुण, ज्युनिअर कॉलेजच्या लेटरहेडवर
- मंडळ अपेक्षित गुण देत नाही, म्हणून बारावीच्या अपेक्षित गुणांचं कॉलेजचं पत्र
- शाळेची ओळख देणारं एक-दोन पानी प्रोफाइल: बोर्ड कोणतं, विषय किती, गुणांची पद्धत काय
- काउन्सेलरचं शिफारसपत्र आणि बहुतेक ठिकाणी दोन शिक्षकांची पत्रं
- इंग्रजीच्या चाचणीचे गुण, कॉलेज मागत असेल तर

नववीची गुणपत्रिका जूनमध्येच मागून ठेवा. जुन्या शाळेत क्लार्क बदललेले असतात, रजिस्टर कपाटात तळाला असतं, मुख्याध्यापक कुठल्यातरी प्रशिक्षणाला गेलेले असतात. अर्ज लिहून द्या, पोच घ्या, आणि चार दिवसांनी शांतपणे पुन्हा जा. क्लार्कबाईंशी नीट बोललं की काम होतं.

बऱ्याच ज्युनिअर कॉलेजांत काउन्सेलर नावाचं पदच नसतं. ती भूमिका प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. त्यांना कॉमन अ‍ॅपकडून ईमेल जातो आणि त्या लिंकवरून तेच कागद चढवतात. कॉलेजचा अधिकृत ईमेल पत्ता वापरायला सांगा, खासगी जीमेलवरून आलेल्या पत्राकडे संशयाने बघितलं जातं. ईडीच्या करारावर त्यांचीही सही आहे हे त्यांना आधी सांगा. बहुतेकांनी हा फॉर्म कधी पाहिलेला नसतो. समोर बसून, लॅपटॉपवर दाखवून समजावलं तर कुणी नाही म्हणत नाही. सप्टेंबरात भेटा, ऑक्टोबरअखेरीस नको.

इंटिग्रेटेड क्लासमुळे मूल कॉलेजात फारसं जातच नसेल, तर शिक्षक पत्रात लिहिणार काय? ‘हुशार, आज्ञाधारक, वक्तशीर’ या तीन शब्दांच्या पत्राने काही होत नाही. ज्या सरांनी प्रोजेक्टवर काम करून घेतलंय, ज्या बाईंनी वादविवादाला नेलंय, त्यांच्याकडे जा, आणि केलेल्या कामाचं एक पान टिपण सोबत द्या. असं कुणीच नसेल तर दोन महिने जास्त मिळणं ईडीपेक्षा मोलाचं आहे.

आणि दिवाळी! कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात, पण १ नोव्हेंबरच्या आगेमागेच सुट्टी लागते. ऑफिसला कुलूप, प्राचार्य गावी. शाळेकडून जे जायचं ते सुट्टी लागायच्या आधी गेलेलं हवं. ऑगस्टमध्येच कॅलेंडर काढून सुट्टीच्या तारखांवर खूण करून ठेवा.

६. आता ठरवा

ईडी करा, जर एक कॉलेज असं आहे की उरलेल्या सगळ्यांनी प्रवेश दिला तरी मूल तिथेच जाईल, पैशाचा प्रश्न पायरी २ प्रमाणे लेखी सुटलाय, आणि अर्ज १५ ऑक्टोबरला तयार आहे. तीनही हवेत. दोन असतील तर नको.

मूल ‘पेन किंवा कॉर्नेल, कुठेही चालेल, फक्त ईडी करू या’ म्हणत असेल तर ती निवड नाही, नावाचा मोह आहे. त्याला दोन्हींचे अभ्यासक्रम वाचायला लावा आणि आठवड्याने पुन्हा विचारा.

मधल्या घरांना माझा सल्ला: ईडी सोडा. न बांधणारे ईए अर्ज चार-पाच सरकारी विद्यापीठांत करा, आणि जिथे मदत बरी मिळते अशा खासगी ठिकाणी रेग्युलरमध्ये. मुलाचा अर्ज खरोखर त्या तोडीचा असेल तर येल किंवा प्रिन्स्टनची अर्ली जोडा, कारण तिथे बंधन नाही आणि मदतही भक्कम आहे.

काही जण ईडी टूचा आधार ठेवतात: नोव्हेंबरात एक स्वप्नातलं कॉलेज, ते हुकलं तर जानेवारीत दुसरं. पैशाचं गणित दोन्हीकडे जुळत असेल तर ही चांगली चाल आहे. पण दुसरं कॉलेज नकार आल्याच्या रात्री निवडू नका. ते ऑक्टोबरातच ठरलेलं असू द्या.

७. हमखास अडकायच्या जागा

नाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा. कॉमन अ‍ॅप आणि एसएटी दोन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच नाव भरा, नाहीतर गुण अर्जाला जोडले जात नाहीत.

कार्ड. अर्जाची फी डॉलरमध्ये भरायची असते, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात. आधीच चालू करून घ्या.

शेवटची रात्र. दोन दिवस आधी ‘सबमिट’ दाबा.

निबंध दुसऱ्याने लिहिणं. काही कन्सल्टंट सरळ लिहून देतात. सगळं स्वतःचं आहे असं मूल अर्जात सहीने सांगतं. सतरा वर्षांच्या मुलाला अशा सहीत अडकवू नका.

मदतीची मुदत. ईडीच्या मदतीचा अर्जही नोव्हेंबरातच असतो, कधी अर्जाच्या दिवशीच, कधी दोन आठवड्यांनी. मदतीचा अर्ज उशिरा गेला तर ऑफरही उशिरा येते, आणि तुम्हाला आकडा न बघताच होकार द्यायची वेळ येते.

८. डिसेंबरात निकाल लागल्यावर

प्रवेश मिळाला आणि ईडी असेल, तर आधी मदतीचं पत्र नीट वाचा, आकडा जुळतोय का बघा, मग होकार कळवा आणि बाकीचे अर्ज मागे घ्या. ईएचेही, आलेल्या प्रवेशांसकट. आकडा जुळत नसेल तर होकाराआधी एड ऑफिसला कागदांसह लिहा: काय बदललंय, कोणता खर्च त्यांनी धरला नाही. आजीच्या औषधोपचाराचा खर्च, धाकट्या भावंडाची फी, हे सांगण्यासारखं आहे आणि त्याने फरक पडू शकतो. मुलाला सांगा की बारावी सोडायची नाही. शेवटची गुणपत्रिका जाते, आणि मार्क कोसळले तर दिलेला प्रवेश काढून घेता येतो.

डिफर झालं, म्हणजे अर्ज रेग्युलरच्या ढिगात ढकलला गेला, तर ईडीचं बंधन संपतं. मूल आता कुठेही जायला मोकळं आहे. जानेवारीत पहिल्या सत्राचे गुण आणि एक छोटं पत्र पाठवा: अजून इच्छा आहे, नोव्हेंबरनंतर हे नवं केलंय. एक पान पुरे. ओळखीच्यांकडून जादा शिफारसपत्रं पाठवू नका.

नकार आला तर त्या कॉलेजचा विषय त्या वर्षापुरता संपला, रेग्युलरमध्ये पुन्हा अर्ज करता येत नाही. निकाल डिसेंबरच्या मध्यावर आणि रेग्युलरची मुदत १ जानेवारीला, मध्ये जेमतेम दोन आठवडे. आठ-दहा कॉलेजांचे निबंध एवढ्यात, मन मोडलेलं असताना, कुणाकडूनच बरे लिहून होत नाहीत. म्हणून नोव्हेंबरचा अर्ज गेला की चार दिवस विश्रांती, आणि पाचव्या दिवसापासून रेग्युलरचे निबंध सुरू. डिसेंबरच्या निकालाआधी ते सगळे लिहून सेव्ह केलेले असू द्या. ईडीत प्रवेश मिळाला तर ते न पाठवता फाइलमध्येच राहतील.